पर्मनंट आयलायनर आणि मिरामारचे पाणी

चवथीच्या किंवा घरच्या लग्नाच्या आधी पर्मनंट आयलायनर, म्हणजे पापणीच्या कडेच्या कातडीत सुईने रंग भरून काढलेली टिकाऊ रेघ, करून घेणाऱ्यांसाठी एक संदेश सध्या गोव्यातल्या मोबाइलवर फिरतो आहे. त्याचा आशय असा: ‘रोज समुद्राच्या पाण्याने डोळे धुवा, कारण मिठाने जखम लवकर भरते, दिवसातून चारदा खोबरेल तेल चोळा, खपल्या हलक्या हाताने काढा, आठवड्याने रंग फिका दिसला, तर लगेच पुन्हा करून घ्या, काजळ चौथ्या दिवसापासून चालेल, झोपताना उशी उंच ठेवा.’

समुद्राच्या पाण्याचा सल्ला सर्वांत घातक आहे. जखम धुण्यासाठी दवाखान्यात वापरतात त्या सलाइनमध्ये लिटरमागे ९ ग्रॅम मीठ असते आणि ते निर्जंतुक केलेले असते. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे सुईने टोचलेल्या पापणीची आग होणारच. त्यातही पणजीतल्या मिरामारचा किनारा मांडवी नदीच्या मुखाशी आहे आणि पावसाळ्यात नदी गाळासकट जे काही वाहून आणते ते तिथेच येते, शिवाय उबदार समुद्रात जखमेला संसर्ग करू शकणारे जंतू एरवीही असतात. पापणी पूर्ण भरून येईपर्यंत, निदान दोन आठवडे, समुद्र आणि स्विमिंग पूल दोन्ही टाळावेत. उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस भिजवून हलकेच टिपणे पुरेसे असते.

खोबरेल तेलाविरुद्ध बोलणे गोव्यात थोडे धाडसाचेच आहे, पण स्वयंपाकघरातल्या ज्या बाटलीला घरातल्या सगळ्यांचे हात लागतात, तिच्यातले तेल निर्जंतुक नसते. जाड थराखाली खपली ओलसर राहते, तेल डोळ्यांत उतरून अंधूक दिसते आणि चोळण्याने तर नुकसानच होते. करणाऱ्याने दिलेले डोळ्यांसाठीचे मलम, तेही तांदळाच्या दाण्याएवढेच, स्वच्छ कापसाच्या काडीने लावावे.

रंगाविषयीचा गैरसमज मात्र समजण्यासारखा आहे. पहिले काही दिवस रेघ गडद आणि जाड दिसते, कारण सूज असते आणि रंग वरच्या कातडीतही असतो. साधारण आठवडाभरात खपल्या गळतात, खाली नवी, किंचित दुधट कातडी येते आणि तिच्याआडचा रंग फिका भासतो. ती कातडी पुढे पारदर्शक होते, तसा खरा रंग चार ते सहा आठवड्यांत स्थिरावतो. त्याआधी पुन्हा सुई लावणे म्हणजे न भरलेल्या जखमेवर नवी जखम करणे होय. खपली ओढून काढली, तर तिच्याबरोबर रंगही निघतो आणि रेघेत खंड पडतो; म्हणजे ज्या फिकेपणाला लोक घाबरतात, तो कधीकधी त्यांच्या नखांनीच आणलेला असतो.

काजळ आणि मस्कारा दोन आठवडे नकोत. एरंडेलाच्या दिव्यावर आजीने धरलेले काजळही याला अपवाद नाही, कारण ती शेवटी काजळीच. त्यानंतर मस्कारा वापरायचा झाल्यास नवा घ्यावा. जुन्या कांडीवर जंतू साठलेले असतात.

उशी उंच ठेवण्याचा सल्ला योग्य आहे, कारण आडवे झोपल्याने सकाळी पापण्या अधिक सुजतात. स्वच्छ कापडातून थंड शेक दिल्यानेही उतार पडतो. ही सूज दोन-तीन दिवसांत ओसरते. ती वाढत गेली, पू आला, उजेड सहन होईनासा झाला किंवा दृष्टी अंधूक झाली, तर पार्लरमध्ये विचारत बसू नये. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे किंवा बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात जावे आणि वापरलेल्या रंगाचे नाव सोबत न्यावे.