हेल्मेट, खंजीर आणि बजेट

पुण्यात गेमवरचा सिनेमा लागला किंवा मालिका आली की दोन वाक्यं हमखास कानावर येतात. ‘गेममध्ये असं नव्हतंच’ हे एक. ‘आपल्याकडे एवढं बजेट कुठंय’ हे दुसरं. इथे टोरोंटोत पहिलं वाक्य तितक्याच तावातावाने बोललं जातं. दुसरं कुणी काढत नाही, कारण पैसा कुठून येतो ते इथे उघड गुपित आहे. माझ्या मते दोन्ही वाक्यांचा नेम चुकतो. गोष्ट मुळाबरहुकूम आहे का, हे नंतर बघावं. त्या जगाचा नियम पाळलाय का, हे आधी.

रोगाच्या साथीने उद्ध्वस्त झालेल्या जगातल्या माणसांची गोष्ट सांगणारा ‘द लास्ट ऑफ अस’ घ्या. गेम २०१३ चा, मालिका २०२३ ची. गेममधला बिल एकटा, खडूस. त्याचा जोडीदार फ्रँक आपल्याला दिसतो तो मेलेलाच. तिथे खेळणाऱ्याचा सगळा जीव बिलने गावभर लावलेले सापळे चुकवण्यात. मालिकेने तिसऱ्या भागात सव्वा तास या दोघांच्या संसारावर घालवला आणि कट्टर चाहते खवळले. पण सापळे चुकवण्याची गंमत हातात कंट्रोलर असेपर्यंतच. नुसतं बघत बसायचं म्हटलं तर दहा मिनिटांत जांभया येतील. कंट्रोलर काढून घेतल्यावर जी जागा रिकामी पडते, ती कशाने तरी भरावीच लागते. इथे ती नात्याने भरली, आणि ‘आपल्या माणसासाठी कुणीही कुठल्याही थराला जाईल’ हा त्या जगाचा नियम शाबूत राहिला.

शेवट मात्र पडद्यावर तसाच येऊ शकत नाही. गेममध्ये नायक ज्या मुलीला जपत आलाय, तिचा जीव घेणारी शस्त्रक्रिया करायला ऑपरेशन थिएटरात डॉक्टर समोर उभा असतो आणि त्याला मारल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही. तुम्ही थांबलात तर गेमही थांबतो. बटण तुम्हीच दाबायचं, पाप तुमच्याच माथी. मालिकेने गोळ्यांचे आवाज दबवून वर संगीत ठेवलं. तोडगा उत्तम आहे, पण ते आपण केलं असं वाटत नाही. त्याला इलाजही नाही.

‘हेलो’ या गेमवरच्या मालिकेचं नेमकं उलटं झालं. चिलखत हुबेहूब, शस्त्रं हुबेहूब, आणि २०२२ मध्ये पहिल्याच भागात नायक मास्टर चीफने हेल्मेट काढलं. गेममध्ये ते हेल्मेट वर्षानुवर्षं बंद ठेवलं होतं, कारण आत खेळणारा बसलेला असतो. चेहरा दिसला की खेळणारा बाहेर. दोन सीझननंतर मालिका बंद पडली. ‘फॉलआउट’ (२०२४) शहाणी निघाली. त्या गेममध्ये प्रत्येक जण आपापला नायक बनवतो, त्यामुळे बिघडवायला ठरलेला नायकच नव्हता. मालिकेने नवी गोष्ट, नवी माणसं घेतली. भूमिगत व्हॉल्ट (अणुयुद्धातून वाचायला बांधलेले निवारे), बाटलीच्या बुचांचं चलन आणि जुनी गाणी मात्र जशीच्या तशी ठेवली.

पुण्याशी नातं सांगणारं उदाहरण ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’चं. २००३ च्या गेमची जान म्हणजे काळ मागे नेणारा खंजीर. उडी चुकली तर काही क्षण मागे जायचं, पण त्यासाठी लागणारी खंजिरातली वाळू मोजकीच. म्हणजे प्रत्येक चुकीचा हिशोब ठेवायचा. २०१० च्या सिनेमात खंजीर आहे, हिशोब नाही. उरली ती नेहमीची मारामारी. याच गेमचा नवा अवतार युबिसॉफ्ट या गेम कंपनीच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे होता. सप्टेंबर २०२० मध्ये ट्रेलर आला, चेहऱ्यांवर आणि चित्रांवर टीका झाली, तारखा लांबल्या आणि मे २०२२ मध्ये काम कंपनीच्या कॅनडातल्या माँट्रियल स्टुडिओला गेलं. ‘बघा, आपल्याला जमत नाही’ असं त्यावर म्हणणारे एक गोष्ट विसरतात. मूळ गेम माँट्रियलचाच, आणि तो स्टुडिओ १९९७ मध्ये उभा राहिला तो तिथल्या क्वेबेक प्रांताच्या सरकारने पगारांचा वाटा उचलला म्हणून.

टोरोंटोचंही तेच. टोरोंटो ज्या प्रांतात आहे त्या ऑन्टारिओत परदेशी निर्मितीला पात्र खर्चाच्या साडेएकवीस टक्के करसवलत मिळते, व्हीएफएक्स (संगणकावर केलेले दृश्यपरिणाम) आणि अ‍ॅनिमेशनच्या पगारांवर वेगळी १८ टक्के, शिवाय केंद्राची पगारांवर १६. हे कुणाचं अंगभूत कसब नव्हे, धोरण आहे. आणि तंत्राचं म्हणाल, तर ‘ड्यून’ सिनेमाच्या व्हीएफएक्सला ऑस्कर मिळवून देणारी डीएनईजी ही कंपनी मुंबईच्या प्राइम फोकसच्या मालकीची.

नियमच पैसे कसे वाचवतो, हे टोरोंटोतच शूट झालेल्या ‘द एक्स्पान्स’ या अंतराळ-मालिकेत दिसतं. तिथे यानाचे मजले इमारतीसारखे एकावर एक असतात, कारण इंजिन पायाखालून ढकलतं. दर सेकंदाला ९.८ मीटर प्रति सेकंद वेग वाढत असेल, तर माणूस घरात चालावा तसा चालतो. अर्ध्या वाटेवर यान उलटं फिरवायचं आणि तेवढाच वेळ वेग कमी करत राहायचं. इंजिन बंद झालं की वजन शून्य, मग चुंबकी बूट. बूट असले की चालण्याच्या दृश्यासाठी नटाला तारांवर टांगावं लागत नाही. पृथ्वी-मंगळ अंतराला प्रकाशाला साधारण ३ ते २२ मिनिटं लागतात, म्हणून समोरासमोर बोलणं नाही; निरोप रेकॉर्ड करून पाठवायचा आणि उत्तराची वाट बघायची. एक नट, एक कॅमेरा, आणि ताण फुकटात.

ही शिस्त पुण्याला नवी नाही. पुण्यातली खगोलशास्त्राची संस्था आयुका उभी करणाऱ्या जयंत नारळीकरांच्या कथा याच रीतीच्या: विज्ञानातली एक शक्यता धरायची आणि तिचे परिणाम तडीला न्यायचे. (१९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी कथा धाडली ती टोपणनावाने, आणि बक्षीस मिळवलं.) त्यामुळे विज्ञान पटतंय का, असं पुण्याचा प्रेक्षक विचारतो तेव्हा मला बरं वाटतं. इथला, टोरोंटोचा चाहता बहुतेक वेळा हेल्मेटवरच अडतो.

तेव्हा मराठीत आठ भागांची मालिका करायची तर पुण्यात एक खोली, मंगळावर एक खोली, दोघं भावंडं आणि मध्ये बारा मिनिटांचा उशीर एवढं भांडवल पुरे. सेट दोन, यान एकदाही दाखवायचं नाही. लिहायला मात्र चार लेखक सहा महिने पगारावर बसवावे लागतील, आणि खरी कात्री तिथेच लागते. पहिल्या मसुद्यावर शूटिंग सुरू होतं, उशीर तिसऱ्या भागातच विसरला जातो, आणि भावंडं मंगळावरून व्हिडिओ कॉलवर भांडायला लागतात.