महोगनी नव्हे, सागवान

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी सकाळी भाच्याचा फोन. "मावशी, सिव्हिल लाइन्सच्या एका बंगल्यातलं सामान लिलावात निघालंय. त्यात ग्रँडफादर क्लॉक आहे, माणसापेक्षा उंच घडी! तू चल, तुला कळतं त्यातलं."

मला कळतं असं त्याला वाटतं, कारण माझे बाबा नागपूरच्या महाल भागात घडीसाज, म्हणजे घड्याळं दुरुस्त करणारे होते. जिन्याखाली अडीच हातांचं दुकान, टेबलावर उपडे घातलेले काचेचे पेले, प्रत्येक पेल्याखाली कुणाचं तरी उघडलेलं घड्याळ, आणि बाबांच्या उजव्या डोळ्याला आयग्लास. शाळा सुटली की मी खाली पडलेले स्क्रू शोधून द्यायचे. पुढे बँकेत लागले आणि शेवटची अकरा वर्षं थकीत कर्जाच्या वसुलीत, जप्तीच्या लिलावांत काढली. थोडक्यात, घड्याळं बापाकडून आली आणि लिलाव पगारातून. 'जसे आहे जेथे आहे तत्त्वावर' हे शब्द मी इतक्यांदा टाइप केलेत की झोपेतही चुकणार नाहीत. त्यांचा खरा अर्थ असा, की घरी नेल्यावर आमच्याकडे रडत येऊ नका.

हॉलमध्ये शिरलो तर अर्धं नागपूर. पितळी कर्ण्याचे तीन ग्रामोफोन होते, तिन्ही चकाचक, तिन्ही माझ्या मते परवाचे. एचएमटीच्या ट्रेमध्ये बऱ्याच डायली नव्याने रंगवलेल्या. संग्राहक असल्या घड्याळांना चेष्टेने 'मुंबई स्पेशल' म्हणतात. अडकित्ते मात्र सुंदर होते. एका मोराच्या अडकित्त्यावर माझा जीव अडकला होता, पण कोणीतरी साडेचार हजारांना नेला. जाऊ दे.

आणि मागच्या भिंतीला ती घडी. कॅटलॉगमध्ये लिहिलेलं: अठराव्या शतकातील इंग्लिश लाँगकेस, महोगनीची पेटी, मूळ स्थितीत. लाँगकेस म्हणजे हीच उभ्या लांब पेटीची घडी.

या घड्याळांची उंची मिरवण्यासाठी नसते, हे आधी सांगते. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला बरोबर एका सेकंदात जाणारा लंबक हवा असेल तर त्याची लांबी ९९ सेंटिमीटरहून जराशी जास्त लागते. निसर्गाचाच हिशेब आहे तो, त्यात घासाघीस चालत नाही. डच शास्त्रज्ञ ह्युजेन्सने १६५६ मध्ये लंबकाचं घड्याळ केलं, पण त्या वेळच्या यंत्रात लंबकाला फार मोठा झोका घ्यावा लागायचा. १६७० च्या सुमारास अँकर एस्केपमेंट (चाकाचा एकेक दात सोडणारा नांगराच्या आकाराचा तुकडा) आली, झोका काही अंशांवर आला, आणि मग एवढा लांब लंबक अरुंद पेटीत मावायला लागला. शेजारी पाच-सहा किलोची दोन वजनं, एक चालीचं, एक टोल्यांचं. ती आठवडाभर इंचाइंचाने खाली उतरतात. आठवड्यातून एकदा चावी दिली की झालं. 'ग्रँडफादर' हे नावही फार जुनं नाही, १८७६ च्या एका अमेरिकन गाण्यामुळे ते रुळलं.

मी टॉर्च काढला. भाचा लाजला. "मावशी, लोक पाहून राह्यले ना!" पाहू दे.

पुढचं दार उघडलं आणि वास आला. नागपुरात वाढलेल्या माणसाला हा वास डोळे मिटून ओळखता येतो. आमचं देवघर, आजीचा पाट, बँकेतलं जुनं काउंटर, सगळ्यांना तोच वास. सागवान! बाहेरून लालसर पॉलिश चढवलेलं, पण मागची फळी कोरी होती, आणि कोरी फळी खोटं बोलत नाही. यंत्र ज्या फळीवर बसतं, तिच्यात भोकांच्या दोन जोड्या. एक जोडी वापरातली, दुसरी रिकामी. त्या फळीखाली उंची जुळवायला चक्क प्लायवूडची पट्टी ठोकलेली. म्हणजे यंत्र एका घरचं, पेटी दुसऱ्या घरची. इंग्लिश व्यापारात याला 'मॅरेज' म्हणतात, आणि इथे तर पत्रिकाही जुळलेली नव्हती.

डायल पांढरी रंगवलेली, कोपऱ्यांत फुलं. अशा रंगीत डायली बर्मिंगहॅमला तयार व्हायच्या. ऑस्बोर्न आणि विल्सन या जोडीने १७७२ मध्ये त्यांची जाहिरात दिली होती. त्यामुळे शतक कदाचित बरोबर असेल, त्यावर मी भांडणार नाही. पण डायलवरचं नाव वाचून लोक माना डोलवत होते, तेव्हा हसू येत होतं. ते नाव बहुतेक वेळा जुळवणी करून विकणाऱ्याचं असतं. चाकं एकाने कापलेली, डायल दुसऱ्याने रंगवलेली, पेटी तिसऱ्या सुताराची.

मग वरचं झाकण पुढे ओढून काढलं आणि यंत्राच्या पितळी पत्र्यावर तिरका उजेड टाकला. हे पाहायला मी आले होते. घडीसाज दुरुस्ती केली की सुईने आतल्या बाजूला खूण करतात, म्हणजे परत आलं तर आपण केव्हा उघडलं होतं ते कळतं. इथे सात खुणा मोजल्या. एक इंग्रजीत, अगदी बारीक. एक उर्दूत. '१४-६-३८' आणि खाली 'ग. बा.' देवनागरीत. 'ऑईल ५२'. शेवटची ७१ ची. बाबांची खूण मी शोधली, खोटं कशाला बोलू. नव्हती. ते भिंतीवरच्या घड्याळांचे डॉक्टर. असली उभी घडी त्यांनी आयुष्यात दोनदाच उघडली.

कॅटलॉगच्या दीड पानात या खुणांबद्दल एक ओळ नव्हती. माझं भांडण इथे आहे.

इंग्लंडच्या कुठल्याशा गावातल्या दुकानदाराचं नाव मोठ्या अक्षरात. आणि ज्या सुताराने सागवानाची एवढी सरळ पेटी केली, ज्या घडीसाजांनी चाळीस-पन्नास वर्षं ती आपल्या उन्हाळ्यातून चालती ठेवली, त्यांना पॉलिशखाली दाबलेलं. सागवान म्हणून लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं? कदाचित दहा-वीस हजार कमी आले असते. पण मला नाही वाटत केवळ पैशाचं कारण आहे. आपल्या हाताची गोष्ट दिसली की भाव उतरेल ही भीती आपल्या लोकांच्या अंगात मुरली आहे. आपला अजब बंगला, म्हणजे नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय, १८६३ पासून आहे. तिथे वस्तूखाली काय, कुठली, कशाची अशी साधी चिठ्ठी असते. तेवढं लिहायला कुणाच्या बापाचं काय जातं?

हे मी तिथल्या बाईंना सांगितलंही. त्या गोड हसल्या. "मॅडम, हे सगळं एक्स्पर्टने पाहिलेलं आहे."

माझ्या शेजारी एक गृहस्थ फोनवर अमेरिकेतल्या मुलाला घडी दाखवत होते. "न्यू जर्सीला पाठवता येईल का?" लिलाववाल्यांचा पोरगा म्हणाला, "हो हो काका, पॅकिंगचे वेगळे लागतील." आता मात्र मी तोंड उघडलं. वस्तू शंभर वर्षांवरची आणि ऐतिहासिक मोलाची असेल तर १९७२ च्या कायद्याने ती पुरावशेष ठरते, आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. अठराव्या शतकातली म्हणून भाव घ्यायचा असेल तर कायदाही अठराव्या शतकाचाच लागेल ना! काकांनी फोन ठेवला. पोरगा मला टाळायला लागला.

बोली पस्तीस हजारांवर सुरू झाली. भाचा साठपर्यंत गेला, मी त्याच्या शर्टाची बाही ओढली. शेवटी धरमपेठेतल्या एका तरुण व्यावसायिकाने ब्याण्णव हजारांना घेतली. एक वार, दोन वार, तीन वार. हातोड्याची रक्कम वेगळी, वर लिलाववाल्यांचा प्रीमियम म्हणजे त्यांचं कमिशन, वर जीएसटी, हे त्याला काउंटरवर कळलं तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा होता. लॉबीत ठेवणार, चालली नाही तरी चालेल, असं तो कुणाला तरी सांगत होता. मी मनात त्याला एका वाक्यात निकालात काढला.

तेवढ्यात हमालांनी घडी आडवी करायला घेतली. लंबक आतच, वजनं आतच! मी अशी ओरडले की हॉल थांबला. लंबक एका पातळ पोलादी पट्टीवर लटकलेला असतो, कागदापेक्षा जरा जाड. तशीच आडवी केली असती तर पट्टी तुटलीच असती, आणि वजनं काचेतून बाहेर. मी दोन्ही वजनं उतरवली, लंबक अलगद वर उचलून आकड्यातून सोडवला, भाच्याच्या गमछ्यात गुंडाळून घडी घेणाऱ्या त्या तरुणाच्या हातात दिला. पेटीच्या तळाशी धुळीत चावी पडली होती, तीही दिली. "काऊन जी ताई, ही कशाची?" असं त्याने विचारलं, आणि माझा नंबर मागून घेतला.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात त्याचा फोन. "ताई, घडी लावली, पण लंगडते. टक-टक… टक-टक… अशी." गेले. लॉबीत नव्हतीच, आजोबांच्या खोलीत होती. आजोबा नव्वदीचे, खुर्ची घडीसमोर ओढून बसलेले. फरशीला उतार होता. डाव्या पायाखाली दोन जुनी नाणी सरकवली, कान लावला, तिसऱ्या नाण्यावर चाल सरळ झाली. पेटी वरून भिंतीला स्क्रूने धरवायला सांगितली. खुणांवर टॉर्च मारून दाखवला तर आजोबा म्हणाले, "पॉलिशवाला उद्या येणार होता, नको म्हणून सांग त्याले."

परवा मेसेज आला, आजोबांनीच करवलेला: रोज बारा सेकंद मागे पडते. पोलादी दांडीला एक अंश उष्णता वाढली की दिवसाला साधारण अर्धा सेकंद मागे जाणारच, आणि आपल्याकडचा मे तुम्हाला ठाऊक आहे. मी विचारलं, कूलर त्याच खोलीत आहे का? हो म्हणाले. म्हटलं, आधी कूलरचं तोंड घडीकडून फिरवा, दमटपणाने पेटी फुगेल आणि पोलाद गंजेल. लंबकाखालचा चाल कमी-जास्त करायचा नट मृग लागल्यावर पाहू.