अभिषिक्ताला हिशेब विचारला तर शाप लागतो?

परवा रात्री साडेनऊला मावशीचा फोन आला. ती अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यात एकटी राहते. काकांना जाऊन 11 वर्षं झाली. एरवी फोनवर आधी पाऊसपाणी, मग पोरांची शाळा. त्या रात्री काहीच नाही, सरळ विचारलं, "बापू, हाई खरं शे का? माले पाप लागी का?"

'हाई' म्हणजे तिच्या ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलेला मेसेज. तोच मेसेज मी जळगावच्या दोन ग्रुपांवर आणि धुळ्याच्या एका ग्रुपवर आधीच पाहिला होता आणि सोडून दिला होता. सोडायला नको होता. 'देवाच्या सेवकाविषयी पाच सत्ये' असं त्याचं नाव. एक, सेवक (मंडळीचा पाळक) हा देवाचा अभिषिक्त (देवानं नेमलेला), त्याला प्रश्न विचारणं म्हणजे त्याच्यावर हात टाकणं. दोन, मेंढरं मेंढपाळाकडे हिशेब मागत नाहीत. सेवक फक्त देवाला हिशेब देतो. तीन, दशमांश (उत्पन्नाचा दहावा भाग) सेवकाच्या हाती न देणाऱ्याच्या घरावर शाप येतो. चार, पुढाऱ्यानं हलकी कामं करायची नसतात, प्रेषितांनीही पंगती वाढायला नकार दिला होता. पाच, हा संदेश 12 जणांना पाठवा, नाहीतर आशीर्वाद अडेल.

हा मेसेज मावशीपर्यंत का आला तेही सांगतो. दोन वर्षांपूर्वी मंडळीनं उपासनेच्या जागेवर पत्र्याचं शेड टाकायचं ठरवलं. मावशीनं कापूस वेचणीच्या मजुरीतले 3000 रुपये दिले. कमरेला झोळी बांधून ती किलोवर कापूस वेचते. बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी नखांच्या कडेची कातडी सोलवटते आणि पुढे आठ दिवस भाकरी थापताना चरचरते. शेड अजून नाही. पावसाळ्यात लोक ताडपत्रीखाली बसतात. गेल्या रविवारी तिनं एवढंच विचारलं, पत्रे कधी येतील? त्याच रात्री ग्रुपवर ही पाच सत्ये पडली.

'माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका' हे वचन बायबलातल्या स्तोत्र 105 मधलं, 15 वी ओवी. तिच्या वरच्या तीन ओव्या कुणी वाचतच नाही. तिथे लिहिलंय की ते लोक संख्येनं थोडे होते, उपरे होते, एका राष्ट्रातून दुसऱ्या राष्ट्रात भटकत होते आणि त्यांच्यासाठी देवानं राजांना दटावलं. म्हणजे दटावणी राजांना आहे आणि अभिषिक्त म्हणजे बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरणारी माणसं! बळवानानं दुबळ्याला छळू नये म्हणून दिलेलं वचन इथे एका विधवेला गप्प करायला वापरलंय. आणि योहानाच्या पहिल्या पत्राचा दुसरा अध्याय म्हणतो की अभिषेक सगळ्या विश्वासणाऱ्यांना मिळाला आहे. मग अभिषिक्त मावशीही आहे. तिला हात लावू नका.

दावीदाचा दाखला लगेच पुढे केला जातो: त्यानं आपल्या जिवावर उठलेल्या अभिषिक्त राजाला, शौलाला, मारलं नाही. नाही मारलं. पण गुहेतून बाहेर येऊन शौलाच्या झग्याचा कापलेला काठ सगळ्यांसमोर धरला आणि मोठ्यानं जाब विचारला. प्रेषित पौलानं तर अंत्युखियात प्रेषित पेत्राला तोंडावर सुनावलं, तेही सर्वांच्या देखत (गलतीकरांस पत्र, अध्याय 2). यातल्या कुणालाच शाप लागला नाही.

दुसऱ्या मुद्द्यात एक गोष्ट खरी आहे, ती मान्य करतो. इब्री लोकांस पत्र 13:17 पुढाऱ्यांच्या आज्ञेत राहायला सांगतं. पण त्याच ओवीत लिहिलंय की त्यांना हिशेब द्यायचा आहे हे जाणून ते तुमच्या जिवांची राखण करतात. आज्ञा तेवढी वाचायची आणि हिशेबाशी येऊन थांबायचं, असं चालणार नाही. आपल्याकडे पाळकांना छळणारे लोक आहेत हेही खरं. उन्हातान्हात मोटारसायकलवर चार गावं करणाऱ्या गरीब सेवकाच्या मागे कुजबुज करणारे मी पाहिलेत. म्हणूनच पौल आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, सांगतो की दोनतीन साक्षीदारांशिवाय मंडळीच्या वडिलांवरचा (पुढाऱ्यांवरचा) आरोप ऐकून घेऊ नको. पण 'पत्रे कधी येतील' हा आरोप नाही.

'सेवक फक्त देवाला हिशेब देतो' याचं उत्तर करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात आहे. बाकी सगळं विसरलात तरी एवढं वाचा. यरुशलेमच्या गरिबांसाठी मासेदोनिया आणि अखया इथल्या मंडळ्यांनी वर्गणी जमवली होती, मोठी रक्कम होती. पौल ती एकट्यानं नेत नाही. तीत नावाचा सहकारी आहे, आणखी दोन बंधू आहेत, आणि त्यातला एक पौलाच्या मर्जीनं नाही तर मंडळ्यांनी निवडून दिलेला आहे. कशासाठी, तर या रकमेवरून कुणी आम्हांला बोल लावू नये म्हणून. पुढे 21 व्या ओवीत तो म्हणतो की प्रभूच्या दृष्टीनं तर योग्य असावंच, माणसांच्याही दृष्टीनं असावं. माणसांच्याही! पौल स्वतः प्रेषित होता, तरी 'देव बघतोय' एवढ्यावर त्यानं भागवलं नाही. बारा शिष्यांत पैशाची थैली यहूदा इस्कर्योताकडे होती आणि त्यानं तिचं काय केलं, तेही योहान 12:6 स्पष्ट सांगतं.

शिवाय न्यास नोंदलेला असेल तर 1950 च्या सार्वजनिक न्यास कायद्याप्रमाणे जमाखर्च लिहून ठेवावा लागतो. तो मंदिराला लागू आहे तसा आपल्यालाही.

मी लहान असताना आमच्या गावच्या पाळकांकडे निळ्या पुठ्ठ्याची वही असायची. उपासना संपली की आशीर्वादाच्या आधी ते चष्मा लावून वाचायचे: मागच्या रविवारचं अर्पण 47 रुपये 50 पैसे, कंदिलाचं रॉकेल इतकं, आजारी बाईच्या भाड्याला इतके, शिल्लक इतकी. मग वही पहिल्या बाकावर ठेवायचे, कुणीही उघडावी. हंगामाच्या सणाला लोक ज्वारी, भोपळे, कोंबड्या आणायचे, त्यांचा लिलाव व्हायचा. शेवटची बोली संपेपर्यंत ते स्वतः कोंबडीचे पाय धरून उभे राहत, आणि आलेला पैसा लोकांसमोर मोजत. त्यानं त्यांचा मान कमी झाल्याचं मला आठवत नाही.

आता शाप. यानं माझी झोप उडवली, कारण मावशी यालाच घाबरली.

मलाखी 3 मधलं 'सर्व दशमांश भांडारात आणा' हे वचन सगळ्यांना पाठ आहे. कशासाठी आणा, तेही तिथेच आहे: माझ्या मंदिरात अन्न असावे म्हणून. ते अन्न कोण खाणार? अनुवाद 14:28-29 उघडा. दर तिसऱ्या वर्षी दशमांश गावाच्या वेशीत साठवायचा आणि लेवी (मंदिराची सेवा करणारे), उपरा, अनाथ आणि विधवा यांनी येऊन पोटभर खायचं. विधवा! नियमशास्त्रात दशमांशावर जिचा हक्क सांगितलाय, तिलाच दशमांशासाठी शापाची भीती घालतात. मावशीचं नाव देणाऱ्यांच्या यादीत नाही, घेणाऱ्यांच्या यादीत पाहिजे होतं. मंडळीनं तिच्या दारात ज्वारीचं पोतं नेऊन ठेवायला हवं होतं.

यावर मार्क 12 मधल्या विधवेनं दानात टाकलेल्या दोन टोल्या (लहान नाणी) दाखवतात: बघा, तिनं सगळं दिलं. पण टोल्या 41 व्या ओवीपासून येतात. 40 व्या ओवीत प्रभू येशू शास्त्र्यांविषयी सांगतात की ते विधवांची घरं गिळतात आणि देखाव्यासाठी लांबलचक प्रार्थना करतात. ती ओवी वगळून टोल्यांचा उपदेश करणाऱ्यानं एकदा तरी ती मंडळीसमोर मोठ्यानं वाचावी. सेवकाचा उदरनिर्वाह मंडळीनं करावा हे मला मान्य आहे, पौलानंही तसं लिहिलंय. पण तोच पौल इफिसच्या मंडळीच्या वडिलांना आपले हात दाखवून सांगतो की माझ्या गरजा या हातांनी भागवल्या.

चौथ्या मुद्द्यात शब्द बरोबर, अर्थ उलटा. प्रेषितांची कृत्ये 6 मध्ये विधवांना रोजच्या वाढपात डावललं जातं म्हणून कुरकुर झाली. प्रेषितांनी त्यांना दटावलं नाही, सगळ्या शिष्यांना बोलावलं आणि म्हणाले, तुमच्यातून सात जण निवडा. तक्रार विधवांविषयीची आणि निवड लोकांची. त्या वाढप्यांत पहिलं नाव स्तेफनाचं. आणि कमरेला रुमाल बांधून, घंगाळात पाणी ओतून प्रभूंनी याच प्रेषितांचे पाय धुतले होते. पाळकाला वचनासाठी वेळ हवा, हे खरं. म्हणून झाडू हाती घेणं त्याला कमीपणाचं होत नाही. नवापूर तालुक्यात चिंचपाड्याचं ख्रिस्ती रुग्णालय आहे. तिथे जखम धुणाऱ्याला हलकं काम करतोस असं म्हणून दाखवा.

पाचवा मुद्दा धमकी आहे. मी मेसेज कुणालाही पाठवला नाही.

काल मी अमळनेरला गेलो. मावशीला मोठ्या अक्षरांत तीन संदर्भ लिहून दिले: 2 करिंथ 8, अनुवाद 14, मार्क 12. तिनं पवित्र शास्त्र मांडीवर घेतलं आणि ओळीखाली बोट फिरवत स्वतः वाचलं. पंडिता रमाबाई इब्री आणि ग्रीक शिकल्या आणि बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत शास्त्र आणायला अखेरपर्यंत राबल्या, ते मावशीसारख्यांनीच वाचावं म्हणून. 'माणसांच्याही दृष्टीनं' इथे ती थांबली, परत वाचलं, आणि मला म्हणाली, इथे खूण कर. मी पेन्सिलनं रेघ मारली.

येत्या रविवारी उपासनेनंतर ती पुन्हा पत्र्यांचं विचारणार आहे. मी सकाळच्या बसनं जातोय.