कडेचे दोन स्लाइस

आज सकाळी बिल्डिंगखालच्या ओल्या कचऱ्याच्या डब्यात ब्रेडची पिशवी दिसली. आत सहा स्लाइस. दोन कडेचे, चार मधले. ना बुरशी, ना वास, नुसते कडक झालेले. आणि त्याच पिशवीत ब्रेडक्रम्सचं रिकामं पाकीट! म्हणजे घरचा ब्रेड टाकायचा आणि कुणीतरी वाळवून दळलेला ब्रेड पैसे देऊन आणायचा. दुपार झाली तरी डोक्यातून जात नाहीये.

१९८२चा गिरण्यांचा संप. आम्ही लालबागला, एका खोलीत सहा माणसं. बाबा घरी. आई संध्याकाळी बेकरीच्या मागच्या दाराशी उभी राहून आदल्या दिवसाचे पाव स्वस्तात घ्यायची. गच्चीत जुन्या लुगड्यावर त्यांचे तुकडे वाळत घालायचे आणि मी कावळे हाकत बसायचं, हे माझं काम. मग पाट्यावर वरवंटा फिरायचा. त्या चुऱ्यात घोळवलेले बटाट्याचे पॅटिस आई एका खानावळीला द्यायची. त्यावर आमचं रेशन यायचं.

"वेळ कुणाला आहे" म्हणणाऱ्यांचा आज मला खरंच संताप येतोय. कसला वेळ? रात्री स्लाइस ताटात पसरून पंख्याखाली ठेवा. सकाळी तव्यावर मंद आचेवर, नाहीतर ओव्हनमध्ये १५० अंशांवर १२-१५ मिनिटं. वाकला तर अजून ओल आहे, कटकन मोडला पाहिजे. पूर्ण गार होऊ द्या. कोमट चुरा बरणीत भरला की वाफ धरते आणि मग बुरशी येते. मिक्सर थांबत थांबत फिरवा, नाहीतर पीठ होतं. आई चाळणीवर राहिलेला जाड चुरा वरून घोळवायला ठेवायची आणि खाली पडलेला बारीक बटाट्यात मळायची. पॅटिस तेलात कधी फुटला नाही तिचा.

बुरशीचा एक ठिपका दिसला तरी अख्खा ब्रेड टाकायचा, मान्य. गोड मिल्क ब्रेडचा चुरा तेलात लवकर करपतो, तेही मान्य. पावसाळ्यात वाळत नाही म्हणाल, तर तुकडे फ्रीजरमध्ये टाका. पण त्या पिशवीतल्या ब्रेडला काय झालं होतं?

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. असेल एखादी नवी मुलगी, नोकरीवरून येऊन रात्री स्वयंपाकाला लागणारी. तिला कुणी दाखवलंच नसेल. मला तरी आईने समोर बसवून कुठे शिकवलं? मी गच्चीत होते म्हणून दिसलं.

एका दुपारी कावळे हाकता हाकता मीच एक तुकडा तोंडात टाकला. भूक लागली होती. वर पाहिलं तर आई दारात. मला वाटलं, आता मार बसणार. ती आली, लुगड्यावरचा आणखी एक तुकडा उचलून माझ्या हातात ठेवला आणि पाठ करून कावळे हाकायला लागली. बराच वेळ वळलीच नाही.

ज्या घरची ती पिशवी असेल त्यांनी हे वाचलं तर रागावू नका. रविवारी सकाळी उरलेला ब्रेड घेऊन माझ्याकडे या. चाळणी आईचीच आहे अजून.