कॉबमची महाविष्णूपूर्व वर्षं : एका प्रतिक्रियेला उत्तर

कॉबमच्या सुरुवातीच्या वर्षांवरचा माझा लेख वाचून सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार. सूर मात्र खटकला. तुमचं म्हणणं असं की ड्रमर बिली कॉबम खरा सुरू होतो तो १९७१च्या महाविष्णू ऑर्केस्ट्रापासून, म्हणजे गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिनच्या जाझ-रॉक बँडपासून. 'त्याआधीचं सगळं पोटासाठी केलेलं भाडोत्री वाजवणं'. 'ड्रीम्स' या त्याच्या आधीच्या बँडची रेकॉर्ड कंटाळवाणी, 'स्पेक्ट्रम' या त्याच्या स्वतःच्या अल्बमपुढे बाकी सगळं फिकं, आणि मी 'जुन्या कव्हरांवर भाळणारा हौशी'. मतभेदाला माझी कधीच ना नसते. पण आधी समोरच्याची लायकी काढायची आणि मग मुद्दा मांडायचा, ही कुठली रीत?

एक मान्य करतो. 'ड्रीम्स'मधलं गायन बेताचंच आहे, आज ऐकताना ते जास्तच जाणवतं.

पण भाडोत्री? कॉबम पनामात जन्मला, न्यू यॉर्कमध्ये वाढला, १९६५ ते ६८ अमेरिकी लष्कराच्या बँडमध्ये होता. महाविष्णूमधल्या स्नेअर ड्रमवरच्या ज्या दाणेदार रोलवर तुम्ही फिदा आहात, त्यामागे संचलनाच्या ड्रमचा रियाज आहे. मग तो जाझ पियानोवादक हॉरेस सिल्व्हरच्या बँडमध्ये गेला. १९६८च्या 'सेरेनेड टू अ सोल सिस्टर' या अल्बमच्या एका सेशनला ड्रमवर मिकी रोकर होता, दुसऱ्याला कॉबम. १९६९च्या 'यू गॉटा टेक अ लिटल लव्ह'वर तोच आहे. सिल्व्हरच्या चाली बांधीव असतात, तिथे ड्रमरला मन मानेल तसं उधळता येत नाही. त्या रेकॉर्डवरचा ट्रंपेटवाला रँडी ब्रेकर पुढे 'ड्रीम्स'मध्ये त्याच्या सोबत होता. नुसत्या पाकिटासाठी वाजवणाऱ्यांची संगत अशी टिकते का?

आणि एप्रिल १९७०मध्ये ध्वनिमुद्रित झालेलं जाझ ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसचं 'राइट ऑफ'? जवळपास सत्तावीस मिनिटं. जॉन मॅक्लॉफ्लिन गिटार छेडतो, मायकेल हेंडरसनचा बास येतो, कॉबम शफल, म्हणजे झुलत्या चालीचा ठेका, धरतो. दोनेक मिनिटांनी मॅक्लॉफ्लिन पट्टी बदलतो, बास जुन्याच पट्टीत राहतो आणि नेमक्या त्या गोंधळात माइल्स ट्रंपेट घेऊन शिरतो. वर सगळं डळमळत असताना खाली शफल तसूभर हलत नाही. पुढच्याच वर्षी महाविष्णूत मॅक्लॉफ्लिनच्या शेजारी हाच माणूस बसला. तुम्ही ज्याला सुरुवात म्हणता, तिची सगळी तयारी इथे कानांनी ऐकू येते.

मी ऐन तरुणपणी वाद्यवृंदात ड्रम वाजवलेत, लग्नात, गणपतीत, मिळेल त्या स्टेजवर. शफल दहा मिनिटं एका वजनात ठेवताना मनगट कसं भरून येतं आणि लय नकळत कशी पुढे पळते, ते मला पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही. त्यामुळे 'हौशी' हे विशेषण जरा जपून वापरा.

'स्पेक्ट्रम' थोर आहे, कोण नाही म्हणतंय? माझ्या लेखात त्याविरुद्ध एक ओळ दाखवा. बाकीच्या शेऱ्यांना उत्तर देण्याची मला गरज वाटत नाही.

पुन्हा लिहायचं झालं तर अवश्य लिहा, फक्त त्याआधी 'राइट ऑफ' मध्येच बंद न करता पुरतं ऐका.