पिणाऱ्याच्या नकळत

स्टँडच्या कंपाउंडवर एक जाहिरात हमखास रंगवलेली असते. ‘दारू सोडवा, पिणाऱ्याच्या नकळत.’ खाली मोबाईल नंबर. आमच्या वहिनीने तो नंबर फिरवला होता. कुरिअरने पुड्या आल्या. तीन आठवडे त्या आमटीतून दादाच्या पोटात गेल्या. आमटी कडू लागते म्हणून दादा ताटावरून उठायचा आणि थेट बारमध्ये जाऊन बसायचा. आज हे सांगताना वहिनीच हसते.

पाकिटावर आत काय आहे ते छापलेलंच नव्हतं. पुढे मनोविकारतज्ज्ञांकडे गेलो तेव्हा त्यांनी पहिली ती पुडी फेकायला लावली. डायसल्फिराम नावाची खरी गोळी असते. ती पोटात असताना दारू प्यायली की चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब घसरतो. माणूस जाऊही शकतो. म्हणून ती घेणाऱ्याला सगळं सांगून, त्याच्या संमतीनेच द्यायची. नकळत नाही.

आमच्या घरात सगळंच नकळत चाललं होतं. ‘त्यांना ताप आहे’ असा कामावर फोन मी करायचो. उधारी आईच्या पेन्शनमधून फिटायची. शेजाऱ्यांना ‘बीपीचा त्रास आहे’ म्हणून सांगायचो. प्रेमापोटी करत होतो, हे खरं. पण त्यामुळे पिण्याची किंमत दादा सोडून बाकी सगळे मोजत होते. मग त्याने का थांबावं?

पुड्यांनंतरचा आमचा उपाय म्हणजे माळ. आषाढीला पंढरपुरात घातली, शपथ घेतली, सगळ्यांचे डोळे भरून आले. माळ घालून सुटलेली माणसं मी पाहिली आहेत, त्यामुळे नावं ठेवत नाही. पण दादा रोज सकाळी उठल्यावर प्यायल्याशिवाय कप धरू शकत नव्हता. तिसऱ्या रात्री तो भिंतीवरच्या मुंग्या झटकायला लागला. भिंतीवर मुंग्या नव्हत्या. पहाटे फिट आली. आईला वाटलं, बाहेरचं काहीतरी लागलं.

डॉक्टरांनी सांगितलेलं मी माझ्या भाषेत सांगतो. ही रस्सीखेच असते. दारू मेंदूला मंद करते, म्हणून मेंदू वर्षानुवर्षं उलट्या बाजूने जोर लावत राहतो. दारूने एकदम दोर सोडला की मेंदू त्याच जोरात उताणा पडतो. हातांची थरथर, भास, झटके, कधी मृत्यूसुद्धा. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरी कोंडून एका दिवसात तोडू नका. दवाखान्यात औषधं देऊन, बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देऊन हे दिवस पार पाडता येतात.

शरीरातून दारू जायला आठवडाभर पुरला. डोक्यातून जायला? ते काम अजून चालू आहे. व्यसनमुक्ती केंद्रात राहणं, समुपदेशन, नंतर अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्याच गटाच्या मीटिंगा. तिथलं ‘फक्त आजचा दिवस’ मला आधी पोरकट वाटायचं. जन्मभराची शपथ तीन दिवसांत मोडलेली पाहिल्यावर वाटेनासं झालं.

सात महिन्यांनी चुलतभावाच्या हळदीत दादा प्यायला. नातेवाईक म्हणाले, ‘बघा, कुत्र्याचं शेपूट.’ खरं म्हणजे त्याने पंधरा दिवस आधीच त्याला सुरू असलेली डायसल्फिरामची गोळी गुपचूप बंद केली होती, कारण तिचा परिणाम शरीरात दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. म्हणजे हळदीत ग्लास हातात आला तेव्हा नव्हे, पंधरा दिवस आधीच तो घसरला होता, आणि आम्हा कुणाला पत्ता नव्हता. या वेळी मात्र मी कामावर फोन केला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच साहेबांना खरं सांगितलं आणि पुन्हा मीटिंगला गेला.

हे सगळं आता जाहीर लिहितोय, दादाला विचारून. केंद्र सरकारच्या 2019च्या पाहणीनुसार दारूमुळे मदतीची गरज असलेले सुमारे 5.7 कोटी लोक देशात आहेत, आणि दारूचं व्यसन जडलेल्या 38 जणांत एकालाच कसलेतरी उपचार मिळतात. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र 1986 मध्ये सुरू केलं, त्याला इतकी वर्षं झाली. तरी आपण स्टँडवरचा नंबर फिरवतो, कारण तिथे कुणाला तोंड दाखवावं लागत नाही. नंबरच फिरवायचा तर 14446 फिरवा. सरकारी आहे, फुकट आहे.

गोळी परत सुरू आहे. सकाळी चहाच्या वेळी दादा स्वतः पाकीट काढतो आणि वहिनीसमोर घेतो. आमटीत मीठ कमी पडलं तर अजूनही म्हणतो, ‘काय गं, आज पुडी टाकायची विसरलीस?’