खुलासा: आवाज उतरवला म्हणजे उद्धटपणा नव्हे

‘इंग्रजीत वाक्याच्या शेवटी आवाज खाली आणला की माणूस उर्मट वाटतो, प्रश्न तर चढत्या सुरातच विचारायचा’ असा सल्ला स्पोकन इंग्लिशच्या रील्समधून फिरतो आहे. तो अर्धवट आहे.

याला एक खरा प्रसंग जोडता येतो. ब्रिटनमधल्या एका विमानतळाच्या कॅन्टीनमध्ये भारतीय-पाकिस्तानी बायका वाढताना ‘ग्रेव्ही’ उतरत्या सुरात म्हणत. घेणाऱ्यांना ते ‘ही ग्रेव्ही, घ्यायची तर घ्या’ असं वाटे. चढत्या सुरात तेच ‘ग्रेव्ही देऊ का?’ झालं असतं. भाषाशास्त्रज्ञ जॉन गम्पर्झ यांनी हे नोंदवलं. पण तिथे खटकलं ते विचारणेच्या जागी विधान आलं म्हणून. बायकांच्या मनात उर्मटपणा नव्हताच.

एरवी ‘व्हेअर डू यू लिव्ह?’सारखा प्रश्न ब्रिटिश आणि अमेरिकन माणसं सहसा उतरत्या सुरातच विचारतात. ‘इट्स कोल्ड, इझन्ट इट?’ उतरतं म्हटलं तर फक्त होकार हवा असतो, चढतं म्हटलं तर खरंच विचारायचं असतं.

शिवाय उतार कुठून सुरू होतो हे महत्त्वाचं, आणि रील्समध्ये नेमकं हेच गाळलेलं असतं. ‘थँक यू’ वरच्या पट्टीतून खाली आणा, मनापासून वाटतं. खालच्या पट्टीतच सुरू करून अजून खाली न्या, कोरडं होतं. चढतं ‘थँक यू’ मात्र बस कंडक्टरला म्हणावं तसं, सवयीचं.